नानांच्या बंडीतलं नाव

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं भांडण नको. इंटरनेटवरचं नाव कुणालाही विकत मिळत नाही. तुमच्या क्लासचं, दुकानाचं, संस्थेचं जे नाव मध्ये टिंब देऊन पाटीवर रंगवलंय ना, ते ठोक्यानं, म्हणजे मुदतीच्या भाड्यानं घेतलेलं असतं, जमीन ठोक्यानं करतात तसं. मुदत संपायच्या आत पुढचं भाडं भरलं तर तुमचं, नाही भरलं तर बांधावर दुसरा उभाच असतो. नांदेडात आमच्या दुकानाच्या काचेवर हे मी मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय. तरी दर आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक काचेसमोर उभं राहतं, ते पूर्ण वाचतं, आत येतं आणि म्हणतं, "ताई, कायमचं खरेदीखत करून टाका."

मी मूळची चाकूरची. लातूरला शिकत होते तेव्हा विद्यार्थी चळवळीत पत्रकं लिहायचे. क्लासची फी, वसतिगृहाचं पाणी, एसटीचे पास. त्यामुळं माझं लिहिणं तावातावाचं असतं आणि दोन वाक्यांमागं एक "आम्ही विचारतो" येतं. शिक्षण संपलं आणि नांदेडला रफिकभाईंच्या दुकानात लागले. आधी तिथं लग्नपत्रिका आणि बॅनर व्हायचे. आता वेबसाइटही होतात आणि डोमेन, म्हणजे ही टिंबवाली नावंही नोंदवून मिळतात. मैत्रिणी म्हणाल्या, चळवळ सोडलीस. मी म्हणते, उलट आता कुठं खरी चळवळ सापडली. नाव कुणाचं, ते कोण देतो, कोण काढून घेतो, यापेक्षा मोठा राजकीय प्रश्न कुठला?

व्यवस्था समजून घ्या, सोपी आहे. नावाला शेवटी जी शेपटी असते, 'इन', 'कॉम' वगैरे, त्या सगळ्या शेपट्यांच्या वर समुद्रापलीकडं एक संस्था बसलेली आहे. तिनं प्रत्येक शेपटीला राखणदार नेमून दिलाय. आपल्या देशाच्या शेपटीचा राखणदार दिल्लीत. त्याच्याकडून परवाना घेतलेल्या कंपन्या नावं देतात, आणि त्या कंपन्यांच्या खाली आम्ही, रफिकभाई आणि मी, किरकोळ.

आणि नाव टाइप केलं की पान उघडतं कसं? तुम्हाला नवख्या गावात कुणाचं घर शोधायचं असेल तर तुम्ही स्टँडवर विचारता. स्टँडवरचा म्हणतो, मारुतीच्या देवळाकडं विचारा. देवळाकडचा म्हणतो, त्या आळीत विचारा. आळीतला दारापर्यंत आणून सोडतो. कॉम्प्युटर हेच करतो, पापणी लवायच्या आत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दुकानात खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. म्हणजे अख्खं इंटरनेट पत्ता विचारत विचारत चालतं! रफिकभाई म्हणाले होते, "बैठ जा बेटा, गिराइक देख रहा है."

गिऱ्हाइकंही तशीच. लातूरचे एक क्लासवाले सर आले, रागानं लाल. त्यांच्याच नावापुढं 'लातूर' जोडून दुसऱ्या क्लासनं डोमेन घेतलं होतं. सर म्हणाले, पोलीस केस करतो. मी सांगितलं, केस नको, यासाठी लवाद असतो. समोरच्यानं नाव वाईट हेतूनं अडवलंय आणि त्यावर हक्क तुमचा आहे, हे पुराव्यानिशी दाखवा, नाव काढून मिळतं. सरांचा चेहरा खुलला. मग हळूच म्हणाले, "तसं आम्ही पण त्यांच्या नावाची दोन घेऊन ठेवलीत." मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

मुखेडच्या एका भांडीवाल्या काकांना देवनागरीतच नाव पाहिजे होतं. मिळतं बरं का! अगदी शेवटच्या शेपटीपर्यंत मराठीत. आम्ही घेऊन दिलं, काकांनी मोबाईलवर आपलं नाव आपल्या अक्षरांत लिहिलं, पान उघडलं, आणि काका बाजारात प्रत्येकाला दाखवत फिरले. मग त्याच नावाचा ईमेल त्यांनी एका सरकारी अर्जात भरला. लाल अक्षरं आली: योग्य पत्ता टाका. आम्ही विचारतो, नियमानं दिलेलं नाव योग्य नाही, तर योग्य काय? हा माझा कायमचा मोर्चा आहे आणि तो मी या अंकाची पानं संपेपर्यंत चालवू शकते. पण मला अर्धापूरचं सांगायचंय.

अर्धापूरकडं केळीची एक शेतकरी कंपनी आहे. नाव इथं देत नाही, दिलं तर तुमच्यातलाच कुणीतरी वेगळी शेपटी लावून ते घेऊन ठेवील. कंपनीच्या अध्यक्ष सुनंदाताई. सून म्हणून या गावात आल्या, बागायत करता करता त्यांनी शेजारच्या बायका-पुरुषांची मोट बांधली आणि व्यापाऱ्याला मध्ये न घेता माल थेट बाहेर पाठवायला लागल्या. प्रत्येक खोक्यावर कंपनीचं टिंबवालं नाव छापलेलं. लांबचे खरेदीदार त्याच नावाच्या ईमेलवर ऑर्डर देतात.

एका सकाळी ताई दुकानात आल्या त्या थेट माझ्या टेबलापाशी. म्हणाल्या, मेल येणं बंद झालंय. साइट उघडली तर कुणाच्या तरी जाहिराती दिसतात. मी बघितलं. मुदत संपली होती. आता थोडे दिवस असे असतात की जुना मालक नेहमीचं भाडं भरून नाव परत उचलू शकतो. ते दिवस गेले की परवानेवाली कंपनी ते लिलावात काढते. आणि लिलावाची वाट बघणारा माणूस मला माहीत होता. ताईंच्या कंपनीमुळं ज्याचा धंदा बसला, तो केळीचा व्यापारी दोनच दिवसांपूर्वी आमच्याच दुकानात येऊन विचारून गेला होता, अमुक नाव मोकळं झालं की आम्हाला मिळेल का. रफिकभाईंनी त्याला पाणी दिलं आणि दरवाजा दाखवला. पण नांदेडात दुकान काय आमचं एकच आहे?

विचार करा. उद्या खोक्यावरचं नाव टाइप केलं की व्यापाऱ्याचं पान उघडणार. ताईंच्या खरेदीदारांनी पाठवलेली ऑर्डर व्यापाऱ्याच्या मेलपेटीत पडणार. ताईंनी वर्षानुवर्षं उभं केलेलं सगळं, एका मुदतीवर.

मी म्हटलं, ताई, खातं कुणाच्या नावावर उघडलं होतं? लॉगिन द्या, आत्ता भरते.

ताई अगदी सहज म्हणाल्या, "नानांच्या. उद्घाटक व्हते ना ते."

आता मला सांगा, ही चूक जगात दुसरीकडं कुठं होईल? कंपनी सुरू झाली तेव्हा मांडव टाकून कार्यक्रम झाला. नारळाचा मान भावकीतले थोरले म्हणून नानांना, म्हणजे ताईंच्या चुलत सासऱ्यांना. मग कुणीतरी म्हणालं, नारळ नानांनी फोडला तर इंटरनेटवरचं नावही नानांच्याच हातून निघू द्या. वेबसाइटवाल्यानं स्टेजवरच नानांच्या नावानं ईमेल काढला, नानांचा मोबाईल नंबर टाकला, मालकाच्या रकान्यात नानांचं नाव लिहिलं, काही वर्षांचं भाडं एकदम भरलं आणि नानांच्या बोटानं बटण दाबलं. टाळ्या. फेटा. वेबसाइटवाला पुढं पुण्याला गेला तो गेलाच. तेव्हापासून समुद्रापलीकडच्या आणि दिल्लीच्या दफ्तरी त्या नावाचे कायदेशीर मालक नाना. कंपनी नाही, ताई नाहीत. पंचक्रोशीत कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. थोरल्याला मान दिला, इतकंच.

मुदत संपत आल्याच्या सूचना नानांच्या नंबरवर आल्याच असणार. इंग्रजीत. नाना त्या बँकेच्या समजून पुसत राहिले. आम्ही विचारतो, नाव आमचं, माणूस आमचा, भाडं आमचं, तर मग नोटीस त्याला समजेल अशा भाषेत का नाही? सातबारावर फेरफार करताना तलाठी इंग्रजीत नोटीस देतो का?

मी म्हटलं, चला मग नानांकडं, एक कोड मागायचा आणि सुटायचं. ताई म्हणाल्या, "ते आमच्याशी बोलत न्हाईत."

झालं असं होतं की वर्धापनदिनाला नारळाचा मान जिल्ह्याहून आलेल्या साहेबांना दिला गेला, आणि नानांची खुर्ची दुसऱ्या रांगेत. नाना भाषण संपायच्या आधी उठून गेले. त्या दिवसापासून त्यांची केळी त्या व्यापाऱ्याच्या गाडीत.

तरी गेलो. नाना ओसरीत बसलेले, अंगात पांढरी बंडी, बंडीच्या खिशात बटणांचा जुना फोन. अख्ख्या कंपनीचं नाव त्या खिशात होतं आणि माझी नजर तिथून हलेना. ताईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्या घरात सून थोरल्या सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. ती मधल्या माणसाला सांगते. मधला माणूस मी.

ताई मला म्हणाल्या, "नानांना सांगा, नाव कंपनीचं हाय, मुदत संपली, भरायला थोडेच दिवस हायत."

मी तोंड उघडायच्या आत नाना मला म्हणाले, "तिला सांग, मी मागायला गेलो नव्हतो. मानानं दिलं व्हतं."

"सांगा, तो व्यापारी घेऊन टाकील."

"घेऊ दे. तो मला खुर्ची तरी म्होरं देतो."

दोघं एकमेकांपासून चार हातांवर, आणि मी मध्ये स्टँडवरच्या माणसासारखी पत्ता सांगत. माझा संयम संपला. मी नानांना सरळ सांगितलं की हे नाव तुमच्या घरच्या भांड्यावर घातलेलं नाव नाही, दोनशे घरांचं पोट त्याच्यावर आहे, आणि नियमाप्रमाणं तुम्ही नुसते विश्वस्त आहात. यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. नियमाप्रमाणं ते पूर्ण मालक होते, रकान्यात कंपनीचं नाव कुणी भरलंच नव्हतं. आणि लवादाकडंही काही चाललं नसतं, कारण वाईट हेतू दाखवायचा कसा? नानांना तर आपण काही अडवलंय हेच माहीत नव्हतं.

माझ्या बोलण्यावरून नानांनी गाव ओळखलं असावं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चाकूरची का तू? तिकडच्या पोरी अशाच बोलतेत का मोठ्या माणसाला?" आणि ते उठून गोठ्याकडं गेले.

दुकानात परत येऊन मी पत्रक लिहिलं. काय पत्रक होतं! 'नाव कुणाचं?' असा मथळा. दोनशे घरांचा सवाल, सरंजामी मानपानाचा धिक्कार, खाली तीन मागण्या. गावभर वाटायचं ठरवलं. रफिकभाईंना छापायला दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"सब सही है," ते म्हणाले. "मगर इसमें टाइम किधर है? जगा किधर है? लोकां आएंगे किधर?"

मी म्हटलं, भाई, हे पत्रक आहे, पत्रिका नाही.

"वोइच तो बोलरा मैं."

मला दोन मिनिटं लागली. मग मी परत खुर्चीवरून उठून उभी राहिले. जे मांडवात दिलं गेलं ते ओसरीत कसं परत येईल? मानानं गेलेलं मानानंच यायला पाहिजे. मी मथळा खोडला आणि वर लिहिलं: 'नाव-अर्पण सोहळा'. प्रमुख पाहुणे, अध्यक्षांच्या हस्ते सत्कार, शुभहस्ते वगैरे. मानपानाला शिव्या घालणाऱ्या बाईनं आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी पत्रक लिहिलं, ते हे. गुलाबी कागदावर, वर गणपती.

ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "खुर्ची चुकून मागं गेली नव्हती. मीच ठिवली व्हती." त्यांनी सांगितलं की पहिल्या कार्यक्रमात नानांनी भाषणात त्यांना एकदाही अध्यक्ष म्हटलं नव्हतं. 'आमची सून', 'आमची सून' करत राहिले होते. तेव्हापासून ते मनात होतं. "आता परत त्यांच्याच हातून घ्यायचं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, नाहीतर व्यापाऱ्याच्या हातून घ्यावं लागेल, आणि तो देणार नाही. त्यांनी पत्रिका छापायला सांगितली.

पत्रिका घेऊन मी एकटीच गेले. नानांनी दोनदा वाचली, आपल्या नावावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, नाना, आधी एकदा सराव करून घेऊ, कोड येतो का बघू. नाना म्हणाले, "मानाचा काय सराव असतो का?" फोन बंडीतच राहिला. म्हणजे जे व्हायचं ते सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच.

तो दिवस मला सिनेमासारखा आठवतो. केळी भरायच्या शेडमध्ये मांडव. फण्या धुवायच्या हौदांवर फळ्या टाकून स्टेज. नाना पहिल्या रांगेत, मधोमध, फेटा बांधून. माझा लॅपटॉप, त्याला कंपनीच्या इंटरनेटची वायर, मागं पांढऱ्या चादरीवर त्याचं चित्र. नानांचा सत्कार झाला. नाना माईकवर आले आणि त्यांनी पावसापाण्यापासून सुरुवात केली. मी खाली दातओठ खात बसले होते, नाव परत उचलायच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता आणि नाना अजून त्यांच्या आजोबांच्या मोटेवर होते. शेवटी म्हणाले, मी दिलेलं परत देतो. मी धावत जाऊन कोड मागायचं बटण दाबलं.

कोड येईना.

सगळा मांडव नानांच्या बंडीकडं बघत होता. शेडवर पत्रे, पत्र्याखाली रेंज नाही. कुणीतरी म्हणालं, फोन वर धरा. नानांनी फोन फेट्याच्या वर धरला. आणि फोन वाजला, दोनदा, टुक टुक.

नानांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, माईक जवळ ओढला आणि भाषणाच्याच आवाजात आकडे वाचायला सुरुवात केली. मी गावोगाव बोर्ड लावून सांगते, कोड कुणाला सांगू नका, आणि इथं तो कर्ण्यावरून दोन शिवारं ओलांडून चालला होता. पहिला आकडा गेला. दुसरा गेला.

"नाना, माईकवर वाचू नका."

मी नव्हे. ताई. पदर तसाच डोक्यावर, पण तोंड नानांकडं, थेट. म्हाताऱ्या बायांनी माना वळवल्या. ताईंच्या स्वतःच्याही ते बोलल्यानंतर ध्यानात आलं असावं, कारण त्या जागीच थांबल्या.

नानांनी माईक बाजूला केला. ताईंकडं बघितलं. मग फोन पुढं केला. "घ्या मग. अध्यक्ष तुम्ही हाव. तुम्हीच वाचा."

ताईंनी फोन घेतला, मनातल्या मनात वाचला आणि माझ्या लॅपटॉपवर एकेक आकडा दाबला. पान उघडलं. भाडं भरलं. मग मालकाच्या रकान्यातून व्यक्तीचं नाव पुसून कंपनीचं घातलं, नंबर कंपनीच्या फोनचा घातला, जो आता शेडमधल्या वजनकाट्याच्या शेजारी, रेंज येते तिथं, खिळ्याला टांगलेला असतो. उद्या अध्यक्ष बदलले, रुसले, पुण्याला गेले, तरी नाव शेडमध्येच राहील. चादरीवर हिरवी अक्षरं आली तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की माईकवाल्यानं आवाज कमी केला.

ज्यांना वाटतं नावांचा कारभार म्हणजे दूर कुठंतरी थंड खोलीतलं काम, त्यांनी अर्धापूरला येऊन तो खिळा बघावा. आणि आता माझ्याकडं कुणी उद्घाटकाच्या नावावर डोमेन घ्यायला आलं की मी सांगते, नारळ द्या, फेटा द्या, पहिल्या रांगेतली खुर्ची द्या. मालकाच्या रकान्यात संस्था.

जेवणं झाली. मी लॅपटॉप आवरत होते तेव्हा नाना काठी टेकत आले. फोन परत बंडीत गेला होता. ताई पलीकडं पत्रावळ्या गोळा करून घेत होत्या.

"तिला सांग," नाना मला म्हणाले, आणि थांबले. नानांनी मान वळवली.

"अध्यक्षबाई, सोमवारी माझी गाडी येईल. काटा नीट ठिवा."

"काटा नीटच हाय नाना," ताई वाकल्या वाकल्याच म्हणाल्या. "केळी नीट आना."